जानव्याला पेलेल असा चाकू

आमच्या घरी पुरुषांना खिसे नव्हते. सदरा आणि कोट हे बाहेर जाताना घालायचे कपडे. घरात कमरेला पंचा आणि वर उघडं अंग. माणसाला काही जवळ बाळगायचं असेल तर ते कनवटीला, नाही तर जानव्याला. माझ्या वडिलांच्या जानव्याला कोठीच्या किल्लीशेजारी एक चाकू लटकलेला असे. मिटला की बोटाएवढा, शिंगाच्या मुठीचा, एका पात्याचा. केळीचं पान कापायला तो, विड्याच्या पानाचा देठ खुडायला तो, काथ्या तोडायला तो, आणि आंब्याच्या दिवसांत अढीत घातलेले आंबे पिकले का हे बघायला फोड काढायचीही त्यानंच. फणसाचा चीक लागला तर पात्याला खोबरेल चोळायचं आणि पुन्हा जानव्याला. दिवसभर तो त्यांच्या पोटावर असे, पण त्यांना त्याची आठवण फक्त काम निघालं की व्हायची.

मला शाळेत मास्तरकी मिळाली तेव्हा पहिल्या पगारात मी काय घ्यावं हा प्रश्नच नव्हता. चाकू. एकोणीसशे पंचवीस सालाच्या आसपासची गोष्ट असेल. आम्ही मांडवीजवळ राहत होतो आणि चाकू घ्यायचा म्हणजे बाजारात बोहऱ्याच्या दुकानी जायचं हे ठरलेलं. त्यानं काचेची पेटी उघडून चाकू पुढे मांडले. हाडाच्या मुठीचे, शिंगाचे, लाकडाचे. वडिलांनी निघताना सांगितलं होतं, "चाकू हलका बघ हो. अंगावर आहे हे विसरायला झालं पाहिजे." मी हलके चाकू एकेक उघडून पाहत होतो आणि तेवढ्यात मला तो दिसला.

तो विलायती होता. त्यात चाकू किती आणि अवजारं किती हे आधी कळेचना. एक मोठं पातं, एक धाकटं, एक डबा फोडायचं, बाटलीचं बूच उपटायचं मळसूत्र, एक टोचा, आणि पाठीला एक वाकडा आकडा. हा कशाला, असं मी विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेबलोक घोड्याच्या खुरातले खडे काढतात यानं." आमच्याकडे घोडा नव्हता. बाटली उघडायची म्हणजे एरंडेलाची, आणि तिचं बूच दातानं निघत असे. पण माझा जीव त्या आकड्यातच अडकला. पुढे कधी घोडा भेटलाच तर, असा विचार मी खरोखर केला. वय तसं होतं, दुसरं काय!

वडिलांनी तो तळहातावर घेतला, हात एकदा खालीवर केला आणि विचारलं, "बाजारातनं घरी आणायला गाडी केलीस काय रे?" आई स्वयंपाकघरातून बघून म्हणाली, "अगो बाई, पोरानं चाकू आणलान की गाईच्या गळ्यातलं लोढणं!" मी कुणाचंच ऐकलं नाही. चाकूला कडी होती, ती जानव्यात ओवली आणि रुबाबात फिरू लागलो. वाकलो की तो पुढे झोका घेई आणि उभा राहिलो की पोटावर येऊन आदळे. संध्या करताना पळीपंचपात्राशी त्याची टक्कर ठरलेली. मानेवर जानव्याचा लाल वळ उठला. वडील टकळीवर सूत कातून घरीच जानवी करीत. त्यांनी तेवढं सांगून ठेवलं की, "तुटलं तर माझ्या सुताला नावं ठेवू नकोस."

आता मुलीचं सांगतो. त्याच हिवाळ्यात शेजारच्या लग्नात मी एक मुलगी पाहिली होती. दाभोळची, नवऱ्या मुलीची मावसबहीण. वरात दारात आली, घोड्यावर बसलेल्या नवरदेवाची पगडी मांडवाच्या तोरणात अडकून वर राहिली आणि तो बोडका पुढे गेला. सगळ्या बायकांनी पदराआड तोंड लपवलं. ही मात्र खळखळून हसली, आणि मग एका म्हाताऱ्या बाईनं डोळे वटारल्यावर आणखी हसली. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. घरी आडून आडून सांगून पाहिलं, मग सरळच सांगितलं, आणि शेवटी आईनं मामाला मध्ये घातलं.

मामा दाभोळला जाऊन चौकशी करून आला. घर चांगलं, कडक सोवळ्यातलं. मुलगी सातवीपर्यंत शिकलेली. पण तिच्या वडिलांची एक अट. त्यांचा थोरला जावई घुमा निघाला होता. माणूस सज्जन, पण दिवसचे दिवस तोंड उघडायचा नाही. थोरली मुलगी माहेरी आली की भिंतीशीसुद्धा बोलत बसे म्हणे. तेव्हा धाकटीला काळा चालेल, बुटका चालेल, पण बोलका नवरा हवा, असं त्यांनी मामाला बजावलं होतं. हे ऐकून घरात आनंदीआनंद झाला. कारण माझ्या अंगी दुसरा गुण असो नसो, तोंडाला माझ्या कुलूप नव्हतं. आई म्हणे, हा झोपेतही कुणाशी तरी वाद घालतो.

चैत्रात आम्ही दोघं आगबोटीनं निघालो. "तो सोटा घरी ठेव," असं मामानं निघताना सांगितलं. पण जेवणानंतर आंबा कापायची वेळ येईल आणि तेव्हा मी हा चाकू काढीन, हे चित्र मी मनात इतक्या वेळा पाहिलं होतं की ते सोडवेना. सकाळी दाभोळला उतरलो, पडावातून धक्क्याला लागलो. घरी पोचल्यावर चूळ भरायला पाणी झालं, गूळ झाला, आणि आधी अंघोळ करून घ्या असं सांगून मुलीच्या वडिलांनी मला मागल्या दारी विहिरीवर धाडलं. मामा परतीच्या बोटीची चौकशी करायला पुन्हा बंदरावर गेला.

विहिरीला रहाट होता. मी कळशी वर ओढली आणि ती धरायला कठड्यावरून वाकलो. चाकू झोका घेऊन पुढे गेला, आणि त्याचा आकडा कळशीच्या फासात नेमका अडकला. मला ते कळायच्या आत माझा हात निसटला. भरली कळशी खाली गेली, मान खाली ओढली गेली, खट्कन काही तरी तुटलं आणि विहिरीतून डुबुक असा आवाज आला. चाकू गेला होता. त्याच्याबरोबर जानवंही गेलं होतं.

जानवं तुटलं की नवं घालेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा नियम आमच्यात मुंज झाल्या दिवसापासून डोक्यात बसवलेला. ज्या घरी मी जावई व्हायला आलो होतो ते तर आमच्याहून कडक. त्यांच्याच विहिरीवर, जानव्यावाचून बोललो हे कळलं असतं तर पुढे बोलायला काही उरलंच नसतं. मी पंचा खांद्यावर ओढून घेतला आणि मामाची वाट बघू लागलो. मामाऐवजी आले ते मुलीचे वडील.

ते पूजेची फुलं काढायला आले होते. सोवळं नेसलेले, हातात परडी. चष्मा सोवळ्यात चालत नाही म्हणून तो घरात, आणि चष्म्यावाचून त्यांना जास्वंद आणि कर्दळ यांतला फरक हात लावूनच कळत होता.

"काय, बोटीचा त्रास नाही ना झाला?" त्यांनी विचारलं.

मी जोरात मान हलवली. त्यांना ती दिसली नाही.

"शाळेत काय शिकवता आपण?"

मी हवेत अक्षरं काढली.

"आमच्या विहिरीचं पाणी कसं वाटलं? गोड आहे की नाही?"

आता माझा धीर सुटत चालला. मी पुढे झालो आणि डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत बोट ओढून दाखवलं. एकदा दाखवलं, पुन्हा दाखवलं. त्यांनी डोळे बारीक केले. "खांदा धरलाय काय? पडावातनं उतरताना लचकला असेल." आणि घराकडे वळून ओरडले, "अगो, तेल कढव जरा!" मी दोन्ही हात हलवून नको नको केलं. तेव्हा ते माझ्या कानाशी आले आणि मोठ्यानं म्हणाले, "ऐकू येतंय ना?"

मी हात जोडले. यापेक्षा जास्त काय करणार? ते परडी घेऊन आत गेले. आतला आवाज मला स्वच्छ ऐकू आला. "हाही घुमाच गो! वर कानानंही कमी दिसतोय." त्यावर मुलीच्या आईचा आवाज आला, "मग मी आंब्याची डाळ कुणासाठी वाटत्ये?"

त्या विहिरीच्या काठावर मला रडू फुटायचं बाकी होतं. जन्मभर मी बडबड्या म्हणून बोलणी खाल्ली होती. ज्या एका घरात त्या बडबडीला भाव होता, तिथे मी खांबासारखा उभा होतो. आणि मुलगी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती आत कुठे तरी हे ऐकत असणार. आता मामा येईल, चहा होईल, मुलगी दाखवतील न दाखवतील, आणि बोट आम्हाला परत घेऊन जाईल. मला सगळं दिसत होतं.

मागलं दार वाजलं. बघतो तर तीच. दाखवायच्या आधी मुलीनं मुलासमोर येणं म्हणजे त्या काळी केवढी आगळीक! तिच्या हातात एक तबकडी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. विहिरीशेजारच्या धुण्याच्या धोंडीवर तबकडी ठेवली आणि पाठ वळवली. तबकडीत पळीपंचपात्र आणि कोरं जानवं होतं. ती परत जाताना तिचे खांदे हलत होते. ती हसत होती.

मी जानवं भिजवलं, मंत्र म्हटले, गळ्यात घातलं, आणि धावत ओटीवर गेलो. मुलीचे वडील झोपाळ्यावर बसले होते, आता चष्मा लावून. मी समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बोटीचा त्रास मुळीच झाला नाही. शाळेत मी मराठी आणि गणित शिकवतो. पाणी फारच गोड आहे, आमच्याकडे मांडवीला विहिरी मचूळ लागतात. खांदा ठीक आहे. आणि ऐकू मला चांगलं येतं." झोपाळा थांबला. मग मी चाकूची सगळी कथा सांगितली, घोड्याच्या खुरासकट, आणि मामा बंदरावरून आला तेव्हाही ती संपली नव्हती. मुलीचे वडील हसता हसता खोकू लागले आणि त्यांना पाणी द्यावं लागलं.

दुपारी गळ टाकून चाकू काढला. तो वर आला तेव्हा शेजारपाजारचे लोक जमले होते आणि प्रत्येकानं त्याचा आकडा ओढून पाहिला. "हा गळ्यात घालून आपण हिंडता?" मुलीच्या वडिलांनी विचारलं. "मान शाबूत आहे हेच विशेष." जाताना तो मी तिथेच ठेवला. माझ्या सासूबाईंनी तो पुढे लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर, वजनाच्या दगडाशेजारी ठेवलेला मी कित्येक वर्षं पाहिला.

वैशाखात लग्न झालं. पाऊस सरल्यावर पुन्हा चाकूची गरज भासू लागली, कारण पेन्सिलीसाठी रोज वडिलांच्या जानव्याशी जाणं बरं दिसेना. या वेळी बोहऱ्याकडून मी पेटीच घरी मागवली. चाकू निवडायला बायको बसली. मी पात्यांची धार अंगठ्यावर बघत होतो. तिनं तिकडे लक्षच दिलं नाही. तिनं खुंटीला एक कोरं जानवं अडकवलं आणि एकेक चाकू त्यात ओवून लटकवला. हाडाच्या मुठीचा लटकवला तसं सूत ताणून ताठ झालं. तो तिनं काढला. पितळी मुठीचा तर तिनं लावूनच पाहिला नाही. शेवटी काळ्या शिंगाचा, एका बारीक पात्याचा चाकू तिनं लटकवला, वाकून त्याच्यावर हलकेच फुंकर मारली, आणि तो झुलला.

"हा घ्या," ती म्हणाली.

मी घेतला, जानव्याला अडकवला, अंगणात गेलो, वाकलो, बसलो, आडवासुद्धा झालो. तो होता की नव्हता कळेना. मला इतका आनंद झाला की मी तिथेच एक केळीचं पान कापलं, ज्याची कुणालाच गरज नव्हती. पान घेऊन घरात आलो आणि कित्येक दिवस मनात असलेलं तिला विचारलं, की मला जानवं नाही हे तिला विहिरीवर कळलं केव्हा.

"डुबुक झालं तेव्हाच," ती म्हणाली. "मी दाराआडच होत्ये."

"तेव्हाच? मग तुझे बाबा आले, त्यांनी एवढं सगळं विचारलं, तेल कढव म्हणाले, मी हातवारे करून थकलो, तोवर तू काय करत होतीस?"

"बघत होत्ये," ती म्हणाली. "एरवी मला कोण बघू देणार होतं तुम्हाला?"