साडेअकरा टनांचा ड्रॅगन

ड्रॅगनचं वजन किती असतं हे अख्ख्या मराठवाड्यात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तो माणूस माझ्या मावशीचा नवरा आहे. साडेअकरा टन. नुकतंच गाव खाऊन आला असेल तर बारा. काका नळदुर्गला हायवेवरच्या वजनकाट्यावर बसतात. तीस वर्षं त्यांनी ट्रक आधी रिकामा आणि मग भरलेला तोलला आहे, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना दोन आकड्यांतच दिसते. मी सोलापूरहून गेलो की 'कसा आहेस' विचारायच्या आधी ते मला पायापासून डोक्यापर्यंत बघतात आणि म्हणतात, "चार किलोनं वाढलास." घरी येऊन काट्यावर उभं राहावं तर बरोबर चारच किलो वाढलेले असतात.

या माणसाच्या हाती ड्रॅगनचा खेळ कसा लागला, ते सांगतो. काकांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. एका दिवाळीला तो हा खेळ घेऊन आला. यात एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. भुयारात शिरायचं, राक्षसाशी भिडायचं, आणि कुठं अडलं की वीस बाजूंचा एक फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. सुट्टी संपली, मुलगा गेला, खेळ मात्र नळदुर्गलाच राहिला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी मावशीच्या ओसरीवर काका गोष्ट सांगतात. भुयारांचे नकाशे वजनाच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर काढलेले असतात. शेजारचे निवृत्त कंपाउंडर मांत्रिक आहेत. हायवेवरचा एक ढाबेवाला योद्धा आहे, पण व्यवसायाची सवय अशी की समोर राक्षस आला तरी तो तलवार काढायच्या आधी विचारतो, "जेवलायस का?" आणि भाजीवाल्यानं चुकून जास्त दिलेली एक जुडीसुद्धा परत करायला जाणारी माझी मावशी या खेळात चोर आहे. कुलपं फोडण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही.

कधीमधी मीही खेळतो, पण काकांच्या हाताखाली खेळणं सोपं नाही. एकदा आम्ही खजिना जिंकला तर त्यांनी विचारलं, "दीड टन माल हाय. गाडी कोणती आणलीय?" गाडी कुणीच आणली नव्हती. मग सगळा खजिना तिथंच ठेवून आम्ही हात हलवत परत आलो. फाशावर पडलेला आकडा त्यांच्या लेखी काट्यावरच्या आकड्याइतकाच पक्का. त्यात कुणाची रदबदली चालत नाही. ऐन पाडव्याच्या दिवशी मावशी खड्ड्यावरून उडी मारायला गेली आणि फाशावर एक पडला. काका शांतपणे म्हणाले, "मेलीस."

"अवो, आज पाडवा हाय!" मावशी म्हणाली.

"फाशाला काय म्हाईत?"

त्या संध्याकाळी मावशीनं स्वतःपुरत्याच भाकरी थापल्या. काकांनी दूध पिऊन रात्र काढली, पण आकडा बदलला नाही. पुढच्या रविवारी मावशी त्याच चोराची धाकटी बहीण होऊन आली.

एवढा हसताखेळता माणूस, पण त्याच्या मनात एक सल होता. काकांचे थोरले भाऊ दोन गल्ल्या पलीकडं राहतात. त्यांना सगळेच दादा म्हणतात. यांच्या वडिलांनी पाच एकर रान जुगारात घालवलं होतं. दादांनी त्यापायी शाळा सोडली, अडतीत पोती उचलली आणि धाकट्या भावाला शिकवलं. भाऊ दर रविवारी फासे टाकतो असं कानावर आलं, त्या दिवसापासून त्यांनी काकांच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नाही. चार वर्षं. ज्वारी हुरड्यात आली की दादांकडून मावशीकडे हुरड्याची पिशवी यायची, दादा यायचे नाहीत. काकांनी निरोप धाडला होता की आम्ही पैसे लावत नाही. दादांनी उलट निरोप दिला, "बाबाबी पैल्यांदा पैशे लावत नव्हते."

अशात या खेळावरून काढलेला एक सिनेमा हिंदीत होऊन सोलापूरला लागला. काकांना वाटलं, आता सुटलो. दादांना नुसता सिनेमा दाखवायचा, म्हणजे हा जुगार नाही हे त्यांना डोळ्यांनी दिसेल. मावशी स्वतः जाऊन दादांना घेऊन आली, आणि मी गाडीला सारथी. दोघे भाऊ मागच्या सीटवर दोन खिडक्यांना चिकटून बसले होते.

सिनेमा झकास होता. जादू होती, पळापळ होती, मोठा थोरला ड्रॅगन होता. तो लाकडी पुलावर उतरला तेव्हा काका अंधारात मोठ्यानं म्हणाले, "पूल ऱ्हात न्हाई," आणि पूल राहिला तेव्हा त्यांनी पुढची दहा मिनिटं पडद्याकडं बघायचं नाकारलं. पण खरी पंचाईत वेगळीच झाली. सबंध सिनेमात फासा असा एकदाही आला नाही. काकांचा एकुलता एक साक्षीदार कोर्टात हजरच राहिला नाही म्हणा ना.

परतीला चहाला थांबलो. दादांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, "ह्यात फासे कुठं होते?"

काका गडबडले. "ते... ते आधी पडून गेलेत, दादा. हे त्याच्या पुढचं हाय."

"म्हंजे फासे न टाकताबी हे हुतंय."

"व्हय, पन ते कुनीतरी आधी लिवून ठिवलेलं असतंय. आमचं तसं न्हाई. आमाला पुढचं म्हाईत नसतंय."

दादांनी चहा संपवला. मग बशी बाजूला सारली.

"हरलं तर काय जातंय?"

"रविवार जातो," काका म्हणाले.

"आन जिंकलं तर?"

"पुढचा रविवार मिळतो."

पुढच्या रविवारी दुपारी दादा ओसरीवर आले. काकांना उठून उभं राहावं की बसून राहावं ते कळेना, शेवटी ते नकाशा उलटा धरून बसले. दादांनी आधीच अट घातली, "म्या फाशाला हात लावनार न्हाई. बाबाची शपथ घेतलीय. माझा तू टाक." योद्धा, मांत्रिक काही त्यांना नको होतं. त्यांनी सगळ्यांच्या मागं सामान घेऊन चालणारा माणूस घेतला.

दोन रविवार बरे गेले. तिसऱ्या रविवारी मीही होतो. आम्ही सगळे दोरखंडाच्या पुलावरून पलीकडं पोचलो होतो, दादा तेवढे मागं राहिले होते, पाठीवर सगळ्यांचं ओझं. बाराच्या वर पडायला हवं होतं. काकांनी दादांच्या वतीनं फासा टाकला. तो घरंगळत माझ्या गुडघ्याशी येऊन थांबला. चार.

काकांनी फाशाकडं पाहिलं, मग दादांकडं पाहिलं आणि म्हणाले, "अठरा."

मावशीचा चिवड्यातला हात तिथंच थांबला. कंपाउंडर छताकडं बघू लागले. ज्या माणसानं स्वतःच्या बायकोला पाडव्याला मरू दिलं होतं, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आकडा खोटा सांगितला होता.

दादांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच वर्षी झालंय. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरंही ते आता चष्म्याशिवाय वाचतात. त्यांनी माझ्या गुडघ्याशी पडलेल्या फाशाकडं नीट पाहिलं, चांगलं सावकाश पाहिलं.

"बरं पडलं," ते म्हणाले.

मला सख्खा भाऊ नाही. त्या दिवशी सोलापूरला परत येताना मला त्या दोघा म्हाताऱ्यांचा फार हेवा वाटला.