दाबून धरा, काकू

सायखेड्याच्या त्या रोपवाटिकेत पोचले तेव्हा शेडमधले फॉगर सुरूच होते. टोमॅटोच्या रोपांवर धुक्यासारखं पाणी उडत होतं आणि मालकीणबाई पदर खोचून दारात उभ्या होत्या. त्यांना सगळेच काकू म्हणत.

"कालपासून असंच हाय. बंदच होत नाय. रोपं कुजतील माझी."

चूक माझीच होती. फॉगर चालवणारा बोर्ड नाशिकला अंबडमधल्या आमच्या छोट्या कंपनीचा, त्याचा प्रोग्रॅम मी लिहिलेला. दोन जादा फॉगर जोडायचे म्हणून मागच्या आठवड्यात तो बदलला, त्यात फॉगर बंद करायचा भाग चुकला, आणि नव्या फॉगरसाठी नेमक्या त्याच पिना वापरल्या, ज्यांतून माझा प्रोब, म्हणजे प्रोग्रॅम भरायचं उपकरण, चिपशी बोलतो. आता चिप सुरू झाली की क्षणात त्या पिना पाण्याच्या कामाला लागत. प्रोबला कुणी उत्तरच देईना.

मार्ग एकच होता. रीसेटचं बटण दाबून चिप थांबवून ठेवायची, तेवढ्यात प्रोब जोडून तिला 'पहिल्याच पायरीवर थांब' असं सांगायचं, मग बटण सोडायचं. खरं तर हे प्रोब स्वतःच करतो, पण त्यासाठी लागणारी रीसेटची तार आम्ही बोर्डावर दिलीच नव्हती. माझा एक हात प्रोबची टोकं धरण्यात, दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेल्या लॅपटॉपवर. बटण टिकलीएवढं. काकूंनी अंगठ्याचं नख पुढे केलं.

त्यांनी दाबलं. फॉगर गप झाले.

"सोडू?"

"नको, सोडू नका," मी म्हणाले. त्यांना फक्त 'सोडू' ऐकू आलं. दोघी भिजलो.

दुसऱ्या वेळी त्यांना शिंक आली. तिसऱ्या वेळी माझंच टोक निसटलं, दचकून त्यांचं नख सुटलं, आणि डोक्यावरून पाणी ओघळत असताना आम्हाला जे हसू फुटलं ते आवरेना.

"ते सोडू-बिडू नको," काकू धापा टाकत म्हणाल्या. "सोडायचं असलं का 'कांदा' म्हण."

चौथी वेळ 'कांदा' म्हणण्याआधीच हसण्यात गेली. पाचव्या वेळी मी ओठ घट्ट मिटले. पडद्यावर चिपचा नंबर उमटला, म्हणजे प्रोबला उत्तर मिळालं.

"कांदा."

त्यांनी नख उचललं. पाण्याचा एक थेंब आला नाही. चिप पहिल्या पायरीवर निमूट उभी होती. मी जुना प्रोग्रॅम भरला, फॉगर एकदा चालवून बंद करून दाखवले.

"रात्रीसारखा मागचा पाण्याचा कॉक बंद केला असता तर भिजलोच नसतो," काकू शांतपणे म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्यांदा सुचलं नाय. नंतर लय मजा यायला लागली."

त्यांच्या ओट्यावर, त्यांचंच कोरडं लुगडं अंगाभोवती गुंडाळून, मी कंपनीतल्या साहेबांना फोन लावला. पुढच्या बोर्डावर रीसेटची तार हवीच, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. शेजारी काकू हळूच 'कांदा' म्हणाल्या आणि मला फोन ठेवावा लागला.