अर्ध्या वाटेची सवारी

मामा माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचे. आधी म्हणायचे, "चप्पल दावा."

ते सगळ्या पंचक्रोशीचेच मामा. ताडकळसच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर त्यांचं पत्र्याचं घर होतं. दारात लिंब, लिंबाखाली दगडी ओटा आणि ओट्याजवळ पांढरी घोडी. घोडीचं नाव तुफान. तिला पळताना कुणीही पाहिलेलं नव्हतं. लग्नाआधी नवरदेवाला मिरवत मारुतीला न्यायचं म्हणून आसपासच्या गावची माणसं तिला ठरवून जात. नवरदेवाला मात्र मामांकडं स्वतः यावं लागे. पत्रिका बघावी तशी ते त्याची चप्पल उलटी करून बघत. ज्या बाजूला टाच झिजते त्या बाजूला माणूस घोड्यावर कलतो आणि घोडीच्या पाठीला तेवढंच दुखतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी क्विंटलला दोनच किलो कमी होतो. शाळेतल्या सहकाऱ्यांनी, "सर, घोडी सांगायची का ट्रॅक्टर?" असं विचारून झालं होतं. मी हसण्यावारी नेलं, पण आतून लागलं होतं. जाड माणूस आपल्यावरच्या विनोदांना सगळ्यांच्या आधी हसतो, हे तुम्हीही कुठंतरी पाहिलं असेल. मी चप्पल दिली आणि नकाराची वाट बघत उभा राहिलो.

"लग्नाला किती दिस हायेत?"

"महिना."

"मग रोज सकाळी या. वजनाचं बघता येतंय. बसण्याचं शिकावं लागतंय."

मामा स्वतः माझ्या दीडपट होते. ओट्यावर बसले की दुसऱ्याला जागा उरत नसे. ते मला वजनावरून काही बोलले नाहीत, तेव्हाच मला ते आवडले.

पंधरा दिवस त्यांनी मला घोडीवर बसूच दिलं नाही. शेताच्या बांधावर दोन्हीकडं पाय टाकून बसवायचे आणि समोर काठी घेऊन उभे राहायचे. मी जरा सैल पडलो की ओरडायचे, "पोतं होऊ नका, सर! पोतं जिथं टाकलं तिथं पडून ऱ्हातंय. तुमी जागं ऱ्हा. जागा मानूस हलका असतो."

नंतर चढायला शिकवलं. रिकिबीत पाय अडकवून लटकायचं नाही, त्यानं घोडीची पाठ पिळली जाते. ओट्यावरून सरळ बसायचं. मी ओट्यावर उभा राहिलो की तुफान आपण होऊन सरकायची आणि ओट्याला चिकटून उभी राहायची. माझ्यासारख्यासाठी कुणीतरी जागा करून देतंय, हे मी पहिल्यांदाच अनुभवत होतो.

लग्नाच्या दिवशी बाशिंग बांधून मी ऐटीत निघालो. अर्ध्या वाटेवर मामांनी घोडी थांबवली. वाजंत्री गप्प झाली.

"उतरा."

"मामा, लोक बघतायत!"

"बघू द्या. पाठ तिची हाय."

मेहुणे फिदीफिदी हसायला लागले. माझा असा संताप झाला की काय सांगू. मी उतरलो. मामांनी खोगिराचा तंग सैल केला, लगाम माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तिनं तुमाला हितवर आनलं. आता तुमी तिला न्या." मारुतीपर्यंत मी घोडीला घेऊन चालत गेलो. बायको अजून ते फोटो बाहेर काढून म्हणते, लग्न घोडीचंच दिसतंय आणि तुम्ही तिचे मामा.

राग पुढं आठवडाभरही टिकला नाही. रविवारी तिकडं जायची मला सवय लागली. मामांना घोडीवर बसलेलं मात्र मी कधीच पाहिलं नाही. एकदा विचारलं, तेव्हा घोडीच्या पाठीला खरारा करता करता ते म्हणाले,

"आमचं मेंढराचं घर. कळप निघाला की बिऱ्हाड घोडीवर. एकदा माझ्या पायात काटा मोडला, तर मी बिऱ्हाडावर चढून बसलो. अंगात ताकद लय, अक्कल न्हाई. बाप म्हनला उतर. मी म्हनलो, थोडं म्होरं जाऊन उतरतो. संध्याकाळी खोगीर काढलं तर खालचं घोंगडं रगतानं पाठीला चिकटलेलं. एकच घडी पडली व्हती त्याला."

"मग?"

"कळप थांबतो व्हय? पोखर्णीच्या अलीकडं तिला सोडलं. मागं बघितलं तर ती आमच्याकडंच बघायली व्हती."

"मग तुफानवर बसायची हौस नाही?"

"हौस तर रोजच हाय, सर. कमी झालो की बसीन."

कमी व्हायचा त्यांचा प्रयत्न दरवर्षी चाले. ज्वारीचा हुरडा निघाला की तो मोडे. मामी म्हणायच्या, "ह्यांचा उपास म्हंजे दोन भाकरीच्या मधला येळ."

गेल्या हिवाळ्यात मामा खरंच कमी होऊ लागले. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. परभणीच्या डॉक्टरांनी मामींना बाजूला घेऊन सांगितलं, पण मामांना ते न सांगताच कळलं होतं. एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. ते ओट्यावर बसले होते आणि शेजारी भरपूर जागा होती. मला ती जागा बघवेना.

त्यांनी पायातल्या चपला काढून माझ्या हातात दिल्या.

"बघा, सर."

मी उलट्या केल्या. डावी टाच पार झिजलेली होती.

"डावीकडं कलता, मामा."

"ती जुन्या वजनाची हाय. बसू का?"

मामी दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मी चपला हातातच ठेवल्या. म्हणालो, "बसा. पोतं होऊ नका."

मामा खळखळून हसले. घोंगड्याखालून दोनदा हात फिरवून त्यांनी घडी नाही ना ते पाहिलं. तुफान ओट्याला चिकटली आणि ते बसले, अगदी ताठ. मी लगाम धरून चालत होतो आणि मागं वळून त्यांचं तोंड बघत होतो. मेंढरामागं हिंडणारं पोर कसं असेल, ते मला त्या दिवशी दिसलं.

ओढ्याच्या पुलावर मी घोडी घराकडं वळवली, तेव्हा ते म्हणाले, "थांबवा."

"मामा, तुमचं आता वजन ते किती! बसा की घरापर्यंत."

"तुमाला भर मिरवनुकीत उतरिवलं व्हतं, सर."

पुलाच्या कठड्यावर पाय टेकून ते उतरले. तिच्या मानेवर हात ठेवून अनवाणीच घराकडं निघाले. दहा पावलं चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. तीही तशीच थांबत होती. मी त्यांच्या चपला हातात घेऊन मागून चाललो होतो. पुढं करायचं धाडस झालं नाही, आणि नंतर द्यायच्या राहूनच गेल्या.

त्यानंतर अकराव्या दिवशी मामा गेले.

परवा मामींना चपला परत द्यायला गेलो. त्या रानात गेल्या होत्या. तुफान लिंबाखाली मोकळीच उभी होती. मी चपला ओट्यावर ठेवल्या. तिनं मान खाली घालून त्यांचा वास घेतला, मग हळूच सरकली आणि ओट्याला चिकटून उभी राहिली.