प्लीज गो अस्टर्न

माझे वडील रोज इंग्रजी बोलतात, हे मला अलिबागच्या शाळेत जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. रेवसहून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर ते सुकाणू धरायचे. खाली इंजिन चालवायला डायवरकाका असायचे. बाबांनी वरून ‘गोहेड’ म्हटलं की लाँच पुढे, ‘आष्टन’ म्हटलं की मागे, आणि ‘इष्टाप’ म्हटलं की इंजिन गप्प. आमच्या कोळीवाड्यात हे शब्द जाळ्या-वल्ह्याइतकेच घरचे होते. धाकटा भाऊ रांगत रांगत चुलीकडे निघाला, की आई त्याला ‘आष्टन, आष्टन’ म्हणून मागे वळवायची.

आठवीत इंग्रजी सुरू झालं आणि मला शिंगं फुटली. इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती, तरी त्यांच्या भाषेचा तास आला की आमचे सर कोटाची बटणं लावून घ्यायचे. मीही तशीच ताठ बसायचे. एक दिवस डिक्शनरीत सापडलं, आष्टन म्हणजे खरं तर अस्टर्न. मला इतकी लाज वाटली की विचारू नका. लाज बाबांची वाटली. हे आज लिहितानासुद्धा टोचतं.

त्याच वर्षी लाँचचे जुने सारंग काम सोडणार होते. सारंग म्हणजे लाँचचा मुख्य. बाबांना सारंगाचं सर्टिफिकेट मिळालं तर ती जागा त्यांची, नाहीतर मुंबईहून कोणी परका सारंग येणार आणि बाबा जन्मभर दुसऱ्याच्या हुकमाखाली राहणार. परीक्षा घ्यायला साहेब यायचा होता. साहेबापुढे आपल्या बापाचं इंग्रजी शुद्ध हवं, असं मी ठरवून टाकलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

पंधरा दिवस मी त्यांचा पिच्छा पुरवला. वाक्य पुरं हवं आणि दुसऱ्याला काही करायला सांगताना प्लीज लावावं, असं सरांनी शिकवलं होतं. म्हणून ‘प्लीज गो अस्टर्न’. बाबा बिचारे जाळं सांधताना घोकायचे. माशाचा काटा दाताखाली आला की त्यालाही हात जोडून म्हणायचे, ‘प्लीज गो अस्टर्न’. आई हसून हसून बेजार व्हायची. पण हे डायवरकाकांनाही सांगायला हवं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी शाळा बुडवून लाँचवर बसले. तोंडी प्रश्न झाले, खाडीत एक फेरी झाली, आता फक्त धक्क्याला लागायचं होतं. धक्का जवळ आला आणि बाबांनी माझ्याकडे न बघता, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, ‘प्लीज गो अस्टर्न.’

इंजिनाच्या धडधडीत डायवरकाकांना त्यातलं फक्त ‘गो’ ऐकू आलं. त्यांच्या कानाला वर्षानुवर्षं गो म्हणजे गोहेड. त्यांनी लाँच जोरात पुढे सोडली. बाबा ‘आष्टन, आष्टन’ ओरडले तोवर धक्क्यावर आदळून पुढची फळी फुटली होती आणि साहेबाचा चष्मा पायाशी पडला होता.

डायवरकाका घामाघूम होऊन वर आले. ‘गो बोललास ना तू? मंग?’

साहेबाने चष्मा पुसला आणि स्वच्छ मराठीत विचारलं, ‘हे प्लीजबिलीज तुम्हाला शिकवलं कोणी?’

मी खांबाला घट्ट धरून उभी होते. बाबांनी माझ्याकडे ओझरतंसुद्धा पाहिलं नाही. ‘कोनी न्हाय सायेब. माजीच हौस व्हती.’

साहेबाने त्यांना नापास केलं आणि पावसाळ्यानंतर पुन्हा यायला सांगितलं. मधल्या महिन्यांत मुंबईचा सारंग आला आणि बाबा मान खाली घालून त्याचे हुकूम ऐकत राहिले. मी मात्र अशी कारटी, की चूक कबूल करायची सोडून डायवरकाका बहिरे झालेत असं गावभर सांगत हिंडले.

दुसऱ्या वेळी बाबांनी अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असं ‘आष्टन’ म्हटलं आणि लाँच धक्क्याला अलगद लागली. महिन्याभराने सर्टिफिकेट आलं. सगळं इंग्रजीत. बाबांनी हात धुऊन, पुसून ते माझ्यापुढे धरलं.

‘लाँचीवर माजा इंग्लिश चालतंय. कागदावरचा तुजाच पायजे. वाच.’

मी वाचायला लागले. त्यांचं नाव आलं, गावाचं नाव आलं, आणि हा माणूस लाँच चालवायला लायक आहे, या ओळीवर बोट ठेवून मी वर पाहिलं.

‘बाबा, तवा चूक माजी व्हती.’

‘मना म्हाईत हाय,’ बाबा म्हणाले. ‘फुडं वाच.’