बुधवारचं प्रॅक्टिकल

“तू कायले आली इथं? तुह्यं प्रॅक्टिकल तिकडं आहे.”

विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेच्या दारात हात आडवा घातला आणि खिचडीच्या शेडकडे बोट दाखवलं. तिथे माझ्याच बापानं सकाळी पोचवलेली मासोळीची टोपली होती. माझ्या मागे दहावीचा अख्खा वर्ग रांगेत. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आम्ही ढिवर. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात तलावात जाळं टाकून जगणारी माणसं. शाळा सरकारी, पाचवी ते दहावी. पक्की इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय, कॅरमचे दोन बोर्ड, मुलींसाठी सायकली. पंधरा ऑगस्टला मुख्याध्यापिका मॅडम माईकवरून ही सगळी यादी वाचायच्या आणि म्हणायच्या, हे सर्व आपल्या मुलांसाठी आहे. आपल्या म्हणजे नेमकं कोणाच्या, हे काही त्या सांगायच्या नाहीत.

दर बुधवारी दहावीचं प्रॅक्टिकल असायचं आणि बुधवारीच शिक्षकांची मासोळी. सोमवार, गुरुवार, शनिवार कोणी ना कोणी पाळायचं, म्हणून बुधवार ठरलेला. जाळं ओढलं की गावच्या मोठ्या माणसांना पहिला वाटा देण्याची आमच्यात रीत आहे. बाबानं त्या वाट्यात मास्तरांनाही बसवलं. त्याला वाटायचं, सरांच्या ताटात आपली रोहू गेली की पोरीचं कल्याण. आधी कोणी मागत नव्हतं. मग मागायला लागले. मग साफ करून मागायला लागले. साफ करायला मी होतेच.

मी शेडमध्ये विळी पायाखाली धरून खवले काढायची. पलीकडून वर्गाचा आवाज यायचा. ‘अय्या, रंग बदलला!’ असं कोणीतरी ओरडायचं आणि मी रोहूचं पोट फाडत असायची. हात राखेनं घासून वर्गात आले की पुढच्या बाकावरची पाटलाची मुलगी विचारायची, “सर, खिडकी उघडू का?” सर म्हणायचे, “उघड, उघड.”

परीक्षा जवळ आली. प्रयोगवह्या सहीसाठी मागवल्या. माझी वही कोरी. नाव आणि इयत्ता, बस. मी रडकुंडीला येऊन सरांकडे गेले. ते गोड बोलले, हे मात्र खरं.

“घाबरून कायले राहिली? कोणाचीबी वही उतरव. मी सही करतो. वीसपैकी वीस देतो तुले. तुह्या बाबाची मासोळी खाल्ली आहे ना आम्ही.”

मी उड्या मारत घरी गेले. बाबा तर तलाव जिंकल्यासारखा बसला. “पाय, म्हनलो होतो का नाई?” आईनं चहात साखर जास्त टाकली.

मैत्रिणीची वही समोर ठेवून मी उतरवायला बसले. पहिले दोन प्रयोग झाले. तिसऱ्यात लिहिलं होतं, मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला. खिळ्यावर तांबूस थर आलेला ‘मी पाहिला’.

मी कुठे पाहिला?

पेन थांबला. मी तेव्हा मासोळी कापत होते. वर्षभर शेडमध्ये बसवलं ते बसवलं, वर मी प्रयोगशाळेत होते असं सर माझ्याच अक्षरात माझ्याकडूनच लिहून घेत होते. आणि मी आनंदानं लिहीत होते! मला स्वतःचा असा राग आला की मी ती दोन्ही पानं टरकावली. बाबा धावत आला.

“पागल झाली का? वीस मार्क भेटून राहिले!”

“मासोळीचे भेटून राहिले, बाबा. माहे नाई.”

पुढच्या बुधवारी टोपली शेडमध्ये होती. मी तिला हात लावला नाही. सरळ प्रयोगशाळेत गेले आणि पहिल्या टेबलासमोर उभी राहिले.

“सर, मले मार्क नोको. मले प्रयोग करू द्या.”

“माजली का तू? चाल, जाय तिकडं.”

“नाई जात.”

सर टोपलीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. मी हलले नाही. पहिला तास गेला, दुसरा गेला. उन्हानं टोपलीतली मासोळी वास मारायला लागली. पाच शिक्षकांपैकी एकालाही ती साफ करता येत नव्हती, आणि ज्यांना येत असेल त्यांना करायची नव्हती. शेवटी नाकाला पदर लावून मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. सगळ्यांसमोर, सगळं. मॅडमनी बुधवारची मासोळी कैकदा खाल्लेली होती, त्या खाली बघत म्हणाल्या, “हिला करू द्या.”

शाळा सुटल्यावर आठ दिवस मी एकटी प्रयोग करत होते. सर हाताची घडी घालून दारात उभे राहायचे. एक शब्द सांगायचे नाहीत. दोन परीक्षानळ्या माझ्या हातून फुटल्या. पण खिळा तांबूस झाला, आणि तो मी पाहिला. मला वीसपैकी अकरा मिळाले. बाकी सगळ्यांना एकोणीस नाहीतर वीस. बाबा महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

आता मी तुमसरला बीएस्सीला आहे. ते सर बदलून गेले, नवे आले. मासोळी आता कोणी मागत नाही. पण परवा आमच्या मोहल्ल्यातली नववीची पोरगी म्हणाली, साहेब तपासणीला आले की मॅडम आम्हा ढिवरांच्या पोरींनाच चहाच्या ट्रेसाठी उठवतात, कॉम्प्युटरचा तास बुडतो.

मी तिला विचारलं, “तू काय म्हनली?”

“काय म्हननार? उठली.”

सोमवारी तपासणी आहे. मी कॉलेज बुडवून शाळेत जाणार आहे. कॉम्प्युटरच्या तासाला त्या पोरीच्या शेजारी बसणार आहे. तिला ट्रेसाठी उठवायला जो येईल त्याला साहेबांसमोर विचारणार आहे की हीच का. ती कॉम्प्युटरवरून उठणार नाही, आणि मीही उठणार नाही.