आवाज नसलेली टाळी

रक्षा माझ्या धाकट्या भावाची, भैय्यालालची मुलगी. नाकाडोंगरीच्या बायांची भाताच्या रोवणीची गाणी ती कॅमेऱ्यात घेते. कॅमेरा दूर बांधावर असतो, म्हणून आवाज वेगळा घ्यावा लागतो. त्यासाठी छोटा रेकॉर्डर तिनं गाणं सुरू करणाऱ्या शकुनबाईच्या कमरेला बांधला. मला एकच काम दिलं. प्रत्येक गाण्याआधी बाईजवळ उभं राहून खणखणीत टाळी वाजवायची. टाळी चित्रात दिसते, आवाजात ऐकू येते. तिच्यावरून दोन्ही नंतर जुळवतात.

पहिल्याच टाळीला शकुनबाई चिखलातून म्हणाली, "भाऊजी, वांदरं हाकलून राहिले का?"

बाया हसल्या. मी लाजलो. पुढच्या अकरा गाण्यांना हात नुसते जुळवले, आवाज केला नाही. दुरून रक्षाला टाळीच दिसली.

मग ती आठ दिवस शकुनबाईचे ओठ पाहत एकेक शब्द जुळवत बसली. डोळे सुजले. रागावली नाही. इतकंच विचारलं, "काका, हात दुखून राहिले होते का?"

"हो," म्हणालो.

तीस वर्षं मी खाणीत घण चालवला. रक्षानं तेल गरम करून आणलं, माझ्या हातांना चोळलं आणि मी चोळून घेतलं.