शकूताईचे झोपेचे लाडू

झोपेची वस्तू विकायला बसलं की गिऱ्हाईक सगळं जागंच येतं. आणि झोप न लागलेल्या माणसाला बोलायची लई हौस! त्यामुळं आमच्या पाटोद्याच्या बचत गटाचे लाडू संपतात, किस्से मात्र उरतात.

लाडू साधेच. खसखस, खारीक, बदाम, भोपळ्याच्या बिया आणि चवीपुरतं जायफळ. कृती शकूताईची, वळणारी मी आणि विकणारी नंदा. नंदा म्हणजे भर मे महिन्यात स्वेटर विकेल अशी!

*

परळीच्या थर्मल वीज केंद्रात रात्रपाळी करणारे एक भाऊ. दिवसा डोळा लागत नाही म्हणून डबा घेऊन गेले, अन् थोड्याच दिवसांत पुन्हा हजर.

"लई गुण आला, ताई!"

"लागती का झोप?"

"लागती की! लाडू सासूबाईंनाच आवडले. त्या दुपारी आडव्या झाल्या की टीव्ही बंद. मग मी झोपतो!"

*

मेंढरं राखणारे बिरूमामा बाजारच्या दिवशी तावातावानं आले.

"पोरी, तुझा लाडू माझ्या कुत्र्यानं खाल्ला!"

"अगं बाई! मग?"

"मग काय! कुत्रं घोरतंय आन् मेंढरं मी राखतोय. त्याला उठवायचा लाडू हाय का?"

नंदानं गंभीर चेहऱ्यानं समोरची चहाची टपरी दाखवली.

*

आमच्या स्टॉलचं उद्घाटन एका पुढाऱ्यांच्या हस्ते झालं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. "महिलांचा उद्योग चाखलाच पाहिजे!" म्हणत अण्णांनी कॅमेऱ्यासमोर लाडवावर लाडू हाणले आणि तिथूनच सभेला गेले. घटकाभरात कार्यकर्त्याचा फोन.

"ताई, काय खाऊ घातलं? अण्णा स्टेजवर झोपलेत! फोटो ग्रुपवर फिरायलाय!"

नंदा म्हणाली, "तुमीबी टाका. खाली लिवा, विकासाच्या चिंतनात मग्न!"

त्यानं खरंच लिहिलं. अण्णांना इतके लाईक कधी मिळाले नव्हते. आता विरोधकाचं भाषण ऐकायचं असलं की अण्णांचा माणूस आधी डबा न्यायला येतो.

*

पण खरी गंमत झाली ती अंबाजोगाईचे मोठे दुकानदार गटाच्या खोलीवर आले तेव्हा. आमचा माल पडून होता. त्यांची ऑर्डर मिळाली नाही तर गट बंदच करायचा होता. शकूताई पहाटेपासून राबत होती, डोळे लाल झालेले.

दुकानदारांनी लाडू उलटसुलट करून पाहिला. "झोप येते, याला पुरावा काय?"

शकूताई खुर्चीत ताठ बसून सांगू लागली, "बघा साहेब, खसखस अशी मंद आचेवर..." आणि तिथंच तिची मान कलली. बघता बघता घोरायलाच लागली!

मी तिला हलवणार, तोच नंदानं माझा हात दाबला.

दुकानदार डोळे विस्फारून पाहत होते. हळू आवाजात म्हणाले, "यांनी किती खाल्ले?"

शकूताईला शुगर. लाडू ती तोंडालाही लावत नाही. पण नंदाची पापणी हलली नाही.

"अर्धाच, साहेब!"

"उठवू नका बाईंना," दुकानदार कुजबुजले. दिवाळीपर्यंतची ऑर्डर सांगितली, चपला हातात घेतल्या, आवाज न करता दार ओढून घेतलं.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तेवढ्यात घोरणं थांबलं. डोळे मिटलेलेच ठेवून शकूताईनं विचारलं,

"गेला का गं?"